तपासणीचा तास

माझी बायको मला वर्षातून एकच तास भेटायची. ऐकणाऱ्याला वाटेल, म्हातारा-म्हातारीचं वाजलं असेल आणि ती माहेरी जाऊन बसली असेल. तसं काही नाही. आम्ही मिरजेत ब्राह्मणपुरीत एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो. ती माझ्याशी नीट बोलते, हसते, माझ्या गोळ्यांची वेळ विचारली तर सांगते. पण ती उज्ज्वला नव्हे. उज्ज्वला यायची ती दवाखान्यातल्या हिरव्या पडद्यांच्या खोलीत, तासाभरासाठी, आणि ढसाढसा रडायची. आणि मी, शिरीष तासगावकर, सारा जन्म हायस्कुलात फिजिक्स शिकवलेला शहाणा माणूस, त्या तासाची वर्षभर वाट बघायचो.

सांगायला बसलोच आहे तर पहिल्यापासून सांगतो.

लग्न झालं तेव्हाच आमच्या घरात वाटणी झाली होती. देव तिचा, विज्ञान माझं. सकाळी तिची पूजा चालायची आणि मी चहाचा कप घेऊन देवघराच्या दारात उभा राहून टोमणे मारायचो. "काय गं, तुझ्या देवाला रोज रोज स्तुती लागते? आपल्या आमदाराला निदान वाढदिवसालाच लागते." ती उत्तर द्यायची नाही, घंटा जोरात वाजवायची. एकदा मात्र मी हटूनच बसलो.

"ज्यानं एवढं विश्व केलं त्याला तुझ्या चार दूर्वांची गरज काय?"

"त्याला नाहीच गरज. मला आहे."

"मग तुला तरी कशाला केलं त्यानं? काही नकोच होतं तर?"

गंध उगाळता उगाळता ती थांबली. "करमेना झालं असेल," ती म्हणाली. "एकट्यानं किती बसायचं माणसानं? आणि तो तर कधीपासूनचा बसलेला. चला, बाजूला व्हा, अंधार पडतोय तुमचा."

असल्या उत्तरावर वाद घालणार काय, कपाळ? मी पेपर उघडून बसायचो.

आमचा मिहिर पुण्याला नोकरीला होता. एकुलता एक. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला आणि आम्ही त्याला घरी घेऊन आलो. त्या दिवशी उज्ज्वलानं देव पाण्यात घातले. आमच्याकडे पितळेचा बोटभर उंचीचा गणपती आहे, तिच्या आईनं दिलेला. तो तिनं तांब्याच्या पातेल्यात बुडवून ठेवला आणि हात जोडून त्याला स्पष्ट सांगितलं, "पोरगं उठून बसल्याशिवाय तुला बाहेर काढणार नाही. तोवर तू आहेस आणि पाणी आहे." एरवी मी म्हणालो असतो, सर्दी होईल गं त्याला. त्या वेळी नाही म्हणालो. ती कामात असली की मी हळूच जाऊन पातेल्यातलं पाणी बदलायचो. का, ते मला विचारू नका.

मिहिर गेला. पौषातली गोष्ट. सगळं आटोपून घरी आल्यावर उज्ज्वला पातेल्यापाशी बराच वेळ उभी राहिली. गणपती काही तिनं बाहेर काढला नाही. "राहू दे तसाच," एवढंच म्हणाली.

मग ती बोलायचीच बंद झाली. तिघांचा कुकर लावायची आणि एकही घास खायची नाही. बाहेर कुणाची गाडी थांबली की दारात जाऊन उभी राहायची. मी जवळ गेलो की मात्र माझा हात घट्ट धरून ठेवायची, बोटं दुखेपर्यंत. एके दिवशी तूरडाळीच्या डब्यात मला तिनं साठवलेल्या झोपेच्या गोळ्या सापडल्या. मी डबा तसाच काखेत मारून रेहानाच्या दवाखान्यात गेलो.

रेहाना मुजावर माझी विद्यार्थिनी. दहावीत आरशांच्या गणितात रडायची, आता मेंदूची मोठी डॉक्टर झाली आहे. तिनं गोळ्या पाहिल्या आणि मला खाली बसवलं. "सर, एक उपाय आहे. आता सरकारी परवानगी मिळालीय त्याला." त्या यंत्राचं नाव 'सन्निध'.

तिनं मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. तान्हं मूल ओसरीवर खेळत असतं आणि आई आत स्वयंपाकघरात असते. मूल तिच्याकडे बघतही नाही, पण ती आहे हे त्याला ठाऊक असतं, म्हणून ते खुशाल खेळतं. आई घराबाहेर गेली की ते रडायला लागतं. म्हणजे 'कुणीतरी जवळ आहे आणि त्याचं आपल्याकडे लक्ष आहे' एवढीच नोंद ठेवणारा एक भाग मेंदूत असतो. कानामागे, आत, चण्याच्या डाळीएवढा. मोठेपणी तोच भाग नवऱ्यामुळं, बायकोमुळं, मुलांमुळं जागा राहतो. जवळचं माणूस गेलं की तो थंड पडतो, आणि उरलेला सगळा मेंदू त्या माणसाला शोधत सुटतो. त्यालाच आपण शोक म्हणतो. आणि गंमत अशी, की मनापासून प्रार्थना करणाऱ्यांची तपासणी केली तेव्हा त्यांचाही हाच भाग तेवताना दिसला.

'सन्निध'मध्ये केसाएवढी तार त्या भागापर्यंत नेतात आणि गळ्याच्या हाडाखाली रुपयाएवढी बॅटरी बसवतात. अगदी मंद प्रवाह, चोवीस तास. बस्स. माणसाला वाटत राहतं, कुणीतरी आहे.

"पण एक अट आहे, सर," रेहाना म्हणाली. "वर्षातून एकदा यंत्र तासभर बंद करायचं आणि बंद असतानाच पेशंटला विचारायचं, पुढं चालू ठेवायचं का. चालू असताना विचारून उपयोग नाही. सुखात बसलेला माणूस नको कशाला म्हणेल?"

मला तो नियम फार न्यायाचा वाटला. तेव्हा.

ऑपरेशननंतर उज्ज्वलानं डोळे उघडले आणि ती हसली. कित्येक महिन्यांनी. "अहो," ती म्हणाली, "कुणीतरी आहे."

"कोण? मिहिर?"

"नाही. कुणीतरी. बोलत नाही काही. पण आहे, इथंच."

घरी आल्यावर तिनं गणपती पातेल्यातून काढला, फडक्यानं पुसला आणि कपाटात चादरींच्या घडीवर ठेवून दिला. मी म्हटलं, "अगं, पूजा?"

"कशाला? तो आहेच की. त्याला काय हवंय? आणि मला तरी काय हवंय?"

पहिले काही महिने मी आनंदात होतो, खोटं कशाला बोलू? ती जेवत होती, झोपत होती, मिहिरच्या फोटोवरची धूळ शांतपणे पुसत होती. हळूहळू एकेक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. मी बाजारातून उशिरा आलो तर 'कुठं तडफडला होता इतका वेळ?' असं कुणी विचारत नव्हतं. मला ताप भरला तेव्हा तिनं गोळी दिली, पाणी दिलं, "बरे व्हाल," म्हणाली आणि गच्चीत जाऊन बसली. मी रात्री मुद्दाम कण्हून पाहिलं. ती छान झोपली होती. चाळीस वर्षं जिच्या कटकटीला मी वैतागलो होतो, ती कटकट म्हणजे माझी केवढी मोठी चैन होती!

आमच्या गल्लीत अशी 'सन्निध'वाली माणसं वाढत गेली. भांडणं नाहीत, नवस नाहीत, रुसवेफुगवे नाहीत. देवळापाशी हार विकणाऱ्या शेवंताबाईनं टोपली आवरली आणि ती लेकीकडे निघून गेली. जाताना मला म्हणाली, "सर, समद्यांचं बरं चाललंय. आता देवाला कोन इचारतंय?"

उज्ज्वलाला चिडवण्यासाठी म्हणून मी एका सकाळी गणपती कपाटातून काढला आणि पूजेला बसलो. तिनं निदान ओरडावं म्हणून सगळं मुद्दाम चुकवलं. गणपतीला तुळस चालत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी त्याच्या डोक्यावर तुळशीची अख्खी डहाळी ठेवली. पायात चप्पल तशीच ठेवली. नैवेद्याला कालची शिळी पोळी. पूर्वीची उज्ज्वला असती तर तिनं मला पळीनं हाणलं असतं.

ती चहा घेऊन दारात आली, बघितलं आणि हसली. "छान," ती म्हणाली.

"अगं, तुळस आहे ही! तुळस! गणपतीला!"

"असू दे की. चालतं."

मी पाटावर बसून राहिलो. डोळे भरून आले, हो, आले. मग मी ती डहाळी उचलली, अंगणातून दूर्वा तोडून आणल्या आणि चपला काढून पुन्हा नीट पूजा केली. देवावर माझा विश्वास बसला नव्हता. पण कुणालाच नको झालेला तो आणि कुणालाच नको झालेला मी, असे दोघंच घरात उरलो होतो. त्याची दया आली म्हणा ना. तेव्हापासून रोज करतो.

आता त्या तासाचं.

पहिल्या वर्षी रेहानानं यंत्र बंद केलं तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "अहो..." आणि मी गर्रकन वळलो. वर्षभर ती मला हाक मारत होतीच, पण ही हाक वेगळी होती. ती मिहिरचं नाव घेऊन रडली, माझ्या छातीवर डोकं ठेवून रडली आणि मध्येच डोळे पुसून म्हणाली, "किती वाळलात हो! कोण घालतं जेवायला?" तास संपताना ती रेहानाला म्हणाली, "चालू कर गं. नाही सोसवत." दुसऱ्या वर्षीही तसंच झालं, फक्त त्या वेळी तिच्या छातीत कळ आली आणि रेहाना धावत आली.

या वर्षी तपासणीच्या आधी रेहानानं मला एकट्याला बोलावलं. नव्या पद्धतीचं यंत्र आलं होतं. अंगाच्या उष्णतेवर चालणारं, बॅटरी नाही, बंद करायची सोय नाही. वर्षाची तपासणीही रद्द. त्या एका तासात म्हाताऱ्या माणसांच्या हृदयावर फार ताण येतो, काहीजण दगावले, म्हणून नियमच बदलला होता.

"काकूंना या वेळी शेवटचं विचारायचं," रेहाना म्हणाली. "हो म्हणाल्या तर नवं बसवू, कायमचं. नाही म्हणाल्या तर काढून टाकू. पण सर, उद्या काढलं तर त्या आधीसारख्याच होतील. ते तुम्ही पाहिलंय."

"हो म्हणाली, तर मग ती... पुन्हा..."

"नाही, सर. मग पुन्हा नाही."

मी उठलो, घरी गेलो, दाढी केली. पांढरा शर्ट इस्त्री केला आणि उज्ज्वलाला घेऊन परत आलो. ती खुर्चीत बसली. रेहानानं गळ्यापाशी ते उपकरण धरलं आणि काटा हळूहळू शून्यावर नेला.

आधी तिचे हात काहीतरी शोधायला लागले. मग चेहरा बदलला. ती इकडेतिकडे पाहू लागली, कुणीतरी आत्ता इथं होतं आणि उठून गेलं असं. मग तिला मी दिसलो.

"अहो, मिहिर गेला ना?"

दरवर्षी ती हेच विचारायची. मी दरवर्षी हो म्हणायचो. ती रडली. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि त्या वेळी मला जे वाटत होतं ते सांगायची लाज वाटते. मला बरं वाटत होतं.

रडं ओसरल्यावर रेहानानं तिला नव्या यंत्राचं सगळं सांगितलं, कायमचं म्हणजे काय तेही सांगितलं आणि ती बाहेर जाऊन थांबली. उज्ज्वलानं नाक पुसलं. मग ती माझ्याकडे बघत राहिली.

"इस्त्री केलीय शर्टाला."

"मग काय चुरगळलेला घालून येऊ?"

"दाढीपण केलीय. तेल लावलंय." तिचा आवाज बारीक झाला. "नटून आलात होय? माझं रडं बघायला?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"खरं सांगा. वाट बघता ना वर्षभर?"

मी पोरांना कितीदा सांगितलं असेल, विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्या, इकडचं तिकडचं लिहू नका. "बघतो," मी म्हणालो. "रोज बघतो. घरात मला कुणी नाही, उज्ज्वला. तू असून नाही."

मला वाटलं ती रागावेल. तिनं माझा हात ओढून मांडीवर घेतला आणि घट्ट धरला, बोटं दुखेपर्यंत. "मग मी राहते," ती म्हणाली. "काढून टाकायला सांगा ते. रडेन थोडे दिवस. पण राहते."

मला इतका आनंद झाला की उभं राहून ओरडावंसं वाटलं. ती घरी येणार. भांडणार, रागावणार, माझ्या तुळशीवरून डोकं फोडणार. मी रेहानाला हाक मारायला तोंड उघडलं होतं.

"अहो," ती म्हणाली, "शेवटी त्यानं मला हाक मारली होती ना? मी औषध आणायला खाली गेले होते. आई आई म्हणाला का तो? किती वेळ म्हणत होता?"

आणि ती कमरेत वाकली. आवाज फुटत नव्हता, नुसतं तोंड उघडं. भिंतीवरचं यंत्र टीं टीं करायला लागलं. माझा हात तिच्या हातातच होता आणि तिच्या नाडीचे ठोके मला माझ्या बोटांत लागत होते, धडाधड, वेडेवाकडे. मला तो डाळीचा डबा आठवला.

जन्मभर मी देवाला एकाच गोष्टीवरून शिव्या घातल्या होत्या. तूच दुःख देतोस आणि मग लोक धावा करायला लागले की तुला बरं वाटतं. असला कसला रे तू? आज त्या जागेवर मी बसलो होतो. तिनं रोज जळावं, कशासाठी? तर मला हाक मारावी म्हणून.

ती जराशी सावरल्यावर मी घसा खाकरला. "हे बघ, उज्ज्वला. मी आत्ता बोललो ते काही खरं नाही. माझं उत्तम चाललंय. डबा येतो. संध्याकाळी कोरगावकरांकडे पत्ते असतात. तुझी कटकट नाही, टीव्हीचा आवाज वाढवला तरी कुणी बोलत नाही. मला काय धाड भरलीय? मला काही लागत नाही. तू खुशाल चालू ठेव."

तिनं मान वर केली. डोळे सुजले होते, पण नजर तीच, माझ्या खिशातली तंबाखू दारातूनच ओळखणारी.

"खोटं बोलताय."

"शप्पथ."

"आमटीत मीठ कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा माणूस तुम्ही. म्हणे काही लागत नाही."

मी तोंड फिरवलं.

तिनं हनुवटी धरून ते आपल्याकडे वळवलं. मग पदरानं तिनं माझंच तोंड पुसलं. "अहो, देवपण असाच खोटं बोलत असेल का?" ती म्हणाली. "आपली ओढाताण बघवत नाही म्हणून? मला काही नको, तुम्ही सुखात राहा, म्हणत असेल?"

"मला काय माहीत? मी कधी धड बोललोय त्याच्याशी?"

"बोलत जा आता." तिनं माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. "आणि रात्री दूध घेऊन झोपत जा. नुसत्या चहावर राहू नका. ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"रेहाना," तिनं हाक मारली. "ये गं, बाळ. चालू कर. कायमचं."

रेहानानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आधी जुनं चालू करायचं आणि दुपारी नवं बसवायचं असं ठरलं होतं. काटा वर जाताना उज्ज्वला माझ्याकडेच बघत होती. मीही डोळे हलवले नाहीत. कोणत्या क्षणी ती गेली ते मला सांगता येणार नाही. हाताची पकड सैल झाली, मग तिनं तो हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर पाहून हसली.

चार दिवसांनी तिला घरी सोडलं. दवाखान्याच्या दारात बिनड्रायव्हरची रिक्षा उभी होती. आम्ही शेजारी शेजारी बसलो, काचा आपोआप वर गेल्या, थंड हवा सुरू झाली. किल्ल्याचा खंदक मागे पडला आणि मला एकदम रडू कोसळलं. आवरता आवरेना. खांदे हलत होते, नाक गळत होतं, म्हाताऱ्या माणसाला शोभणार नाही असं सगळं.

उज्ज्वलानं वळून माझ्याकडे पाहिलं. "डोळ्याला काय झालं?"

"धूळ गेली," मी म्हणालो.

"हो का?" ती म्हणाली. "जाईल हं," आणि बंद काचेतून रस्ता बघू लागली.